स्वस्तातला ‘म्युझिक फोन’ : ठेवू की परत करू?

प्रश्न

नमस्कार. मला फोन बोलण्यापेक्षा गाणी ऐकायलाच जास्त लागतो. रोज बसमध्ये जाऊन-येऊन दोन तास इअरफोन आणि रात्री ओट्याशी काम करताना फोनचाच स्पीकर. जुना फोन आता दमलाय, म्हणून ‘खास संगीतप्रेमींसाठी’ अशी जाहिरात असलेला एक स्वस्त फोन मागवला. दोन स्पीकर, इअरफोनचा जॅक, खोक्यावर ‘हाय-रेस’चा सोनेरी शिक्का, सगळं आहे. आवाज तर दणदणीत! पण तासाभराने डोकं भणभणतं आणि गाणं बंद करावंसं वाटतं. मला असं कधीच होत नाही. भाचा म्हणतो, “फोन झकास आहे मावशी, तुझे कान पन्नाशीचे झालेत.” नवरा म्हणतो, परत कर आणि बटणांचा साधा म्युझिक फोन घे. परत करायला अजून चार-पाच दिवस आहेत. तेवढ्यात काय काय तपासू?

— एक कानसेन

उत्तर

कानसेनताई,

भाच्याचा टोमणा आधी निकालात काढू, म्हणजे फोनकडे मोकळ्या मनाने बघता येईल. वय वाढतं तसा कानाचा वरचा पल्ला आखडत जातो, हे खरंच आहे. विशीतला कान १७-१८ हजार हर्ट्झपर्यंतचं (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा मोठा तितका सूर उंच) ऐकतो, पन्नाशीत बहुतेकांचा पल्ला १२ ते १४ हजारांच्या आसपास येतो. पण पियानोची अगदी उजवीकडची, शेवटची पट्टी वाजवली तर तिचा मूळ सूर असतो ४,१८६ हर्ट्झचा. म्हणजे गाण्यातले सूर, शब्द, ताल हे सगळं तुमच्या टप्प्यात सुखरूप आहे. त्याच्या बरंच वर असते ती झांजेची लकाकी, बासरीतल्या फुंकेची सळसळ. ती थोडी कमी ऐकू आली म्हणून कुणाचं डोकं भणभणत नाही. असं भणभणणं बहुतेक वेळा काहीतरी जास्त कानावर येत असल्याचं लक्षण असतं. (दुसऱ्या फोनवर, बेताच्या आवाजातही तसंच होत असेल किंवा कानात शिट्टी वाजत राहत असेल, तर मात्र फोनाबिनाचं सोडा आणि कानाच्या डॉक्टरांना भेटा. तो प्रश्न या सदराचा नाही.)

आता ‘म्युझिक फोन’ या प्रकाराविषयी. वीसेक वर्षांपूर्वी ही खरोखरच वेगळी चीज होती. २००५ साली सोनी एरिक्सनने वॉकमनचं नाव लावलेला डब्ल्यू ८०० आणला. त्याच वर्षी मोटोरोलाचा, अ‍ॅपलचं आयट्यून्स हे गाण्यांचं सॉफ्टवेअर असलेला रॉकर आला, आणि त्यात शंभरापेक्षा जास्त गाणी भरताच येत नसत! २००७ चा नोकिया ५३१० एक्सप्रेसम्युझिक आठवत असेल: पडद्याच्या कडेला गाणं पुढे-मागे करायची वेगळी बटणं, साडेतीन मिलिमीटरचा जॅक, मेमरी कार्ड. त्या काळी हे सगळं एका फोनात मिळणं हीच मोठी गोष्ट होती, कारण बाकीच्या फोनांना जो तो आपापल्या आकाराची पिन लावून ठेवायचा. आज कुठलाही फोन गाणी वाजवतो. मग स्वस्त फोनावर ‘म्युझिक’ असं लिहायचं तर त्यात वेगळं काय घालणार? आवाज मोठा करायचा आणि सॉफ्टवेअरने तो फुगवायचा. माझा संशय आहे तो या फुगवण्यावर.

म्हणून पहिलं काम हे करा. सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर जा आणि तिथे ‘साउंड इफेक्ट’, ‘सराउंड’, ‘बेस बूस्ट’, ‘थ्रीडी’, ‘एन्हान्सर’ अशा नावाने जे जे काही चालू असेल ते बंद करा. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये वेगळा इक्वलायझर (खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंतचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायच्या दांड्या) असतो, तोही सपाट करा. एकच बंद करून दुसरा चालू राहिला तर काहीच कळणार नाही. हे इफेक्ट साधारण दोन गोष्टी करतात. खर्ज आणि वरची पट्टी उचलून धरतात, त्यामुळे पहिल्या मिनिटाला गाणं चकचकीत वाटतं. आणि गाण्यातल्या हळू जागा वर ओढून मोठ्या जागांच्या बरोबरीला आणतात, त्यामुळे सगळंच सारखं जोरात वाजत राहतं. गाणाऱ्याने श्वास घ्यायला सोडलेली जागासुद्धा भरून निघते. कानाला मग विसावा असा मिळतच नाही. पाच मिनिटांच्या जाहिरातीत हे छान लागतं. दोन तासांच्या प्रवासात डोकं धरून बसायची पाळी येते.

त्यात तुमची बस. इंजिनाची घरघर खर्जातली असते आणि ती गाण्यातला खर्ज झाकून टाकते. ढोलकी-तबल्याचा भरीव भाग गायब झाला की आपण नकळत आवाज वाढवतो. पण वाढवताना फक्त खर्ज वाढत नाही. फोनाने आधीच उचलून ठेवलेली वरची पट्टीसुद्धा तेवढीच वाढते आणि तिला झाकायला बसमध्ये काही नसतं. ती थेट कानात घुसते. मला वाटतं तुमच्या भणभणण्याचं मूळ इथे आहे. ते खरं की खोटं हे तुम्हाला एका प्रवासात कळेल: जाताना इफेक्ट चालू ठेवून ऐका, येताना बंद करून, तीच गाणी, तेच इअरफोन.

इफेक्ट बंद केल्यावर सुरुवातीला फोन अगदी मरगळलेला वाटेल, हे आधीच सांगून ठेवते. लगेच निकाल देऊ नका. कानाला त्या साध्या आवाजाची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. काही फोनांत स्पीकरवरचा इफेक्ट बंदच करता येत नाही, इअरफोनवरचा तेवढा करता येतो. तुमच्या फोनात इअरफोनवरचाही बंद होत नसेल, तर पुढचं काही न वाचता फोन परत करून टाका.

बंद होतोय? मग दुसरी परीक्षा, आणि इथे भाच्याला कामाला लावा. तुमचा जुना फोन अजून जेमतेम चालत असेल तर तो घ्या, नाहीतर भाच्याचा. दोन्ही फोनांत एकच गाणं, एकाच फाइलवरून टाकलेलं हवं. एकीकडे नेटवरून आणि दुसरीकडे कार्डावरून असं नको. इअरफोन एकच, पिन इकडून काढून तिकडे लावायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा. हे न करता केलेली तुलना फुकट असते, कारण दोन अगदी सारख्या आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तो आपल्याला मोठा असा वाटतच नाही. तो भरदार, मोकळा, स्वच्छ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत हे मोजून दाखवलं होतं की आवाज हळू केला की कानाला खर्ज सगळ्यात जास्त कमी ऐकू येतो. म्हणजे नुसता आवाज वाढवला तरी ‘याला बेस चांगला आहे’ असं वाटणार. दुकानात मांडलेले फोन चढ्या आवाजात लावून ठेवतात ते उगीच नाही.

आवाज जुळवायला उपकरण नसलं तरी चालतं. एकसुरी ‘शऽऽ’ असा वाजत राहणारा आवाज, ज्याला पिंक नॉइज म्हणतात, त्याची फाइल सहज मिळते. ती दोन्ही फोनांवर लावून पिन बदलत आवाज सारखा वाटेपर्यंत पायऱ्या वर-खाली करा. अगदी तंतोतंत जुळला नाही तरी जवळपास येईल. मग पाठ करून बसा आणि भाच्याला सांगा, कुठल्या फोनाला पिन लावली ते सांगायचं नाही. पंधरा-वीस सेकंदांचाच तुकडा ऐका, कारण आवाजातले बारकावे काही सेकंदांपलीकडे नीट लक्षात राहत नाहीत. “हा छान, हा बरा” एवढंच बोला, तो लिहून ठेवेल. दहा-बारा वेळा केल्यावर कागद बघा. माझा अंदाज असा की तुमच्या उत्तरांना काही मेळ नसेल, म्हणजेच इअरफोनवर दोन्ही फोन जवळजवळ सारखे निघतील. आजच्या स्वस्त फोनातलं आवाजाचं सर्किटसुद्धा साध्या इअरफोनसाठी पुरेसं चांगलं असतं. ‘खास संगीतासाठी’ म्हणून जे जास्तीचे पैसे मोजतो ते या भागात क्वचितच दिसतात.

गाणी कोणती घ्यायची? जी तुम्हाला पाठ आहेत ती. फोनाबरोबर आलेला नमुना मुळीच नको, तो त्याच फोनाला शोभेल असाच निवडलेला असतो. एक गाणं फक्त आवाज आणि एखाद्याच वाद्याचं घ्या. त्यात ‘स’ आणि ‘श’ टोचतात का बघा. एक टाळ्यांच्या कडकडाटाचं. टाळ्या हा फार चांगला परीक्षक आहे: चांगल्या आवाजात प्रत्येक टाळी सुटी वाटते, वाईट आवाजात तळणातल्या तेलासारखी चरचर ऐकू येते. ती चरचर गाण्याच्या फाइलमुळेही येऊ शकते, म्हणून १२८ केबीपीएसची (हा आकडा लहान तितका आवाजातला तपशील कमी) जुनीपुराणी एमपीथ्री यासाठी वापरू नका. ३२० ची घ्या. आणि एखाद्या लांबलचक मैफलीची ध्वनिमुद्रणं तुकड्या-तुकड्यांत साठवलेली असतील तर तीही लावा. एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना मध्ये क्षणभर खंड पडतो का ते कळेल. पडत असेल तर आधी अ‍ॅप बदलून बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

यानंतरची परीक्षा रात्री, घर शांत झाल्यावर. बहुतेक लोक ही करतच नाहीत आणि स्वस्त फोनाचं खरं रूप इथेच उघडं पडतं. जवळजवळ निःशब्द अशी एखादी फाइल लावा, नाहीतर एखाद्या गाण्याची अगदी हळू सुरुवात. इअरफोन कानात. मागे ‘सूं’ असा बारीक आवाज येतो का? गाणं थांबवून ऐकू नका, ते वाजत असतानाच ऐका. पुष्कळ फोन गाणं थांबलं की काही क्षणांत आतला अ‍ॅम्प्लिफायर बंद करतात, कधीकधी बारीक ‘टक्’ ऐकू येतं ते त्याचंच, आणि मग सगळं छान शांत वाटतं. वाजत असताना पडद्यावर बोट फिरवा, दुसरं अ‍ॅप उघडा, काहीतरी डाउनलोडला लावा. प्रत्येक हालचालीबरोबर कुरकुर, टिकटिक ऐकू आली तर तो आतल्या सर्किटांचा आवाज आहे. तो सेटिंगने जात नाही, पुढच्या अपडेटनेही सहसा जात नाही. फोन चार्जिंगला लावूनही एकदा ऐका. तिथे घरघर आली तर चार्जर बदलून बघा, कारण पुष्कळदा गुन्हेगार चार्जर असतो. मात्र चार्जर काढल्यावरही आवाज येत असेल तर फोन ठेवू नका.

जॅकही हाताने तपासा. पिन लावून हलकेच गोल फिरवा, एका कानाचा आवाज जातो-येतो का? खिशात टाकून घरात चार फेऱ्या मारा. नव्या फोनात जॅक सैल असेल तर तो दिवसेंदिवस सैलच होत जाणार. जॅक आहे ही तुमच्या फोनाची मोठी जमेची बाजू आहे, हे मात्र मान्य करायला हवं. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो गेला आणि मग महागड्या फोनांनी एकामागून एक तो काढून टाकला. स्वस्त फोनांनीच तो जास्त काळ टिकवला. जॅक नसलेल्या फोनाला टाइप-सी अडॅप्टर लावता येतो, पण त्यातही भानगड आहे. काही अडॅप्टर म्हणजे नुसती तार असते, काहींमध्ये स्वतःचं सर्किट असतं, आणि नुसत्या तारेचे प्रत्येक फोनावर चालत नाहीत.

‘हाय-रेस’च्या सोनेरी शिक्क्यावर फार वेळ घालवू नका. तो जपान ऑडिओ सोसायटीचा शिक्का आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या (इथे अर्थ वेगळा: सेकंदाला ९६ हजार वेळा आवाजाची नोंद घेतलेल्या) फाइली हाताळता येणं आणि ४० हजार हर्ट्झपर्यंत मजल जाणं अशा त्याच्या अटी आहेत. ४० हजार हर्ट्झ वटवाघळांना ऐकू येतं. साधी सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची असते आणि माणसाच्या कानाला तेवढं पुरून उरतं. तुमच्या कार्डावरची गाणी ३२० केबीपीएसची असली की बहुतेकांना न बघता सीडीपासून ती ओळखता येत नाहीत. एवढं मात्र ध्यानात असू द्या: हलक्या दर्जाच्या एमपीथ्रीची फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळता साठवायचा फाइलीचा प्रकार) बनवली तरी हरवलेलं परत येत नाही, फाइल तेवढी जाड होते.

ब्लूटूथ तुम्ही वापरत नाही असं पत्रावरून वाटतं, म्हणून थोडक्यात. आवाज बिनतारी पाठवायची एसबीसी ही पद्धत सगळ्यांत असते, एलडॅक किंवा अ‍ॅप्ट-एक्ससारखी चांगली पद्धत फोन आणि इअरबड्स दोघांतही असली तरच चालते. फोनाच्या खोक्यावर एलडॅक लिहिलेलं आणि कानात साधे बड्स, यात काही हशील नाही.

आता रात्रीचा स्पीकर. दोन स्पीकर म्हटलं की आपल्या मनात डावा-उजवा असे दोन येतात. स्वस्त फोनांत पुष्कळदा दुसरा स्पीकर म्हणजे कानाला लावून बोलायचा तोच असतो, आणि तो खालच्यापेक्षा बराच दुबळा. खालच्या जाळीवर अलगद बोट ठेवून फक्त वरचा ऐका, मग उलट करा. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर ते दोन स्पीकर नसून दीड स्पीकर आहेत असं समजायचं. मग आवाज पूर्ण करून फोन ओट्यावर ठेवा. मागचं प्लास्टिक थरथरतंय का, आवाज फाटतोय का? फाटत असेल तर दोन पायऱ्या खाली या आणि तिथला आवाज तुम्हाला पुरतो का, एवढंच बघा. जाहिरातीतला ‘अमुक टक्के जास्त आवाज’ अशा फाटलेल्या आवाजालाही धरून असू शकतो.

बेसची अपेक्षा इथे ठेवूच नका, कुठल्याच फोनाकडून. नखाएवढा पडदा खर्जासाठी लागणारी हवा हलवूच शकत नाही. तरीही पुरुषाचा भारदस्त आवाज फोनावर ओळखू येतो ना? त्याचं कारण मजेशीर आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच जायचं, आणि पुरुषी आवाजाचा मूळ सूर असतो १०० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मूळ सूर तारेतून जातच नसे. वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा सूर मनानेच भरून काढतो. तुमचा फोनसुद्धा तुमच्या मेंदूच्या याच उदारपणावर चालतो. ओट्याशी काम करताना खरंच दणकट आवाज हवा असेल तर वेगळा छोटा स्पीकर घ्या. तो जॅकमध्येही लावता येईल.

आणि आता ज्यावरून लोक खरोखर वैतागतात ती गोष्ट. पडदा बंद करून फोन खिशात टाकला की काही वेळाने गाणं आपोआप बंद पडणं. स्वस्त फोनात रॅम बेताची असते आणि बॅटरी वाचवायच्या नादात फोन मागे चालणारी अ‍ॅप्स मारून टाकतो, त्यात गाण्याचं अ‍ॅपही मरतं. तुम्हाला वाटतं गाणं संपलं. म्हणून एक प्रवास याच्यासाठी राखून ठेवा. गाणी लावा, पडदा बंद, अर्धा-पाऊण तास हात लावू नका. मग मध्येच नकाशा उघडा, एक फोटो काढा, एक फोन येऊ द्या. फोन संपल्यावर गाणं जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं का? बंद पडत असेल तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन वापरावरची मर्यादा काढून टाका आणि पुन्हा तेच करून बघा. तरीही पडत असेल, तर आवाज कितीही गोड असो, तो फोन तुमच्या उपयोगाचा नाही. त्याच प्रवासात बॅटरीही बघून घ्या. कार्डावरची गाणी, तारेचे इअरफोन आणि पडदा बंद एवढ्यावर तासाला पाच टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर काहीतरी गडबड आहे.

जागेचं गणित सोपं आहे. ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साडेनऊ-दहा एमबीचं होतं, म्हणजे एक जीबीत शंभरेक. नेटवरून त्याच दर्जाचं ऐकलं तर तासाला १४४ एमबी डेटा जातो. कार्डाची जागा वेगळी आहे की दुसऱ्या सिमच्याच जागी कार्ड घालायचं, हे ट्रे काढून बघा. दोन सिम वापरत असाल तर तिथे अडाल.

नवऱ्याच्या सूचनेला मी हसण्यावारी नेणार नाही. बटणांच्या फोनाचे फायदे खरे आहेत. खिशातल्या खिशात बोटाने चाचपून गाणं बदलता येतं, बॅटरी दिवसच्या दिवस पुरते, आणि ऐन रंगात आलेल्या गाण्यात नोटिफिकेशनची टिंगटिंग नाही. नोकियाचं ५३१० हे नाव २०२० मध्ये पुन्हा आलं ते अशाच फोनावर: समोरच्या बाजूला दोन स्पीकर, जॅक, रेडिओ, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड. त्यात तीन हजारांवर गाणी मावतील. पण तो फक्त टूजीवर चालतो आणि कित्येक देशांत टूजी बंद झालंय, त्यामुळे असा कुठलाही फोन घेण्याआधी तुमच्याकडे त्यावरून बोलता येईल का हे विचारा. नेटवरची गाण्यांची अ‍ॅप्स विसरायची. गाणी कॉम्प्युटरवरून कार्डात भरायची, फ्लॅक चालेलच असं नाही, आणि गाण्यांची मराठी नावं काही फोनांत नुसती चौकटी-चौकटी दिसतात. फाइलींच्या नावांना क्रमांक घालताना ०१, ०२ असे घाला, नाहीतर पहिल्यानंतर थेट दहावं गाणं लागेल. तुमचा संग्रह आधीच फाइलींच्या रूपात असेल आणि हा खटाटोप आवडत असेल तर नवऱ्याचं ऐका. रोज नवं काहीतरी शोधून ऐकायची सवय असेल तर आठवड्यात कंटाळाल.

राहता राहिले इअरफोन, आणि खरं तर पैसे इथे घालायचे. दोन फोनांतला फरक ओळखायला भाचा, कागद, पेन्सिल लागते. दोन इअरफोनमधला फरक पहिल्या दहा सेकंदांत कळतो. फोनाबरोबर आलेले किंवा कुठलेतरी जुने वापरत असाल तर ते बाजूला ठेवा. बससाठी कानाच्या आत नीट बसणारे, सिलिकॉनच्या टोप्यांचे घ्या. त्यांच्याबरोबर लहान-मोठ्या टोप्या येतात त्या सगळ्या घालून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागतं असंही नाही. टोपी घट्ट बसली नाही की खर्ज बाहेर निसटतो आणि माणूस फोनाला दोष देत बसतो. घट्ट बसली की बसची घरघर बाहेर राहते आणि कमी आवाजात भागतं. १६ ते ३२ ओमचे (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं एकक) घ्या, फोनाला तेवढे सहज पेलतात. स्टुडिओतले २५०-३०० ओमचे मोठे हेडफोन कुणी सुचवले तर नको म्हणा. ते फोनावर दबलेलेच वाजतात.

कमी आवाजाचं महत्त्व तुम्हाला विशेष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ८५ ला हे तास साडेबारावर येतात, ९० ला चारावर. तुमचा बसचा प्रवासच आठवड्याला दहा-बारा तासांचा होतो. फोनाचा आवाज एकूण पट्टीच्या ६० टक्क्यांखाली ठेवा, असंही तीच संघटना सांगते. दणदणीत फोनाला तर ते आणखीच लागू.

तर, माझं मत विचाराल तर असं. इफेक्ट बंद केल्यावर भणभणणं थांबलं, शांततेत कुरकुर ऐकू आली नाही आणि गाणं खिशात बंद पडलं नाही, तर फोन ठेवा आणि त्यावरचा ‘म्युझिक’ हा शब्द विसरून जा. या तिघांपैकी एकही नापास झालं तर परत करा, आणि बदली म्हणून दुसरा ‘म्युझिक फोन’ शोधू नका. जॅक आणि कार्डाची वेगळी जागा असलेला कुठलाही साधा फोन घेऊन उरलेले पैसे इअरफोनला लावा.

परत करण्याच्या अटी मात्र आजच वाचा, शेवटच्या दिवशी नको. काही ठिकाणी ‘आवडला नाही’ एवढं कारण चालत नाही, दोष दाखवावा लागतो. त्या कुरकुरीचा किंवा गाणं बंद पडल्याचा दुसऱ्या फोनवरून छोटा व्हिडिओ काढून ठेवा. खोकं, चार्जर, पिना, कागद सगळं जपून ठेवा. पडद्यावरचा कारखान्यातला प्लास्टिक कागद अजून काढला नसेल तर राहू द्या. देताना आधी तुमचं खातं फोनामधून काढा, मग फोन पूर्ण रिकामा करा. खातं न काढता रिकामा केलात तर कधीकधी पुढच्याला फोन उघडत नाही आणि तुमचे पैसे अडकू शकतात. सिम आणि कार्ड त्याच ट्रेमध्ये राहून जातात, तेवढं बघा.